आल्सफेल्डजवळचं फाखवेर्क घर: आधी कागद, मग पाणी, मग लाकूड

फ्रांकफुर्टमध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट ज्या पैशात येतो, त्याच्या पाव किमतीत त्याच हेसन राज्यातल्या आल्सफेल्ड या छोट्या शहराच्या आसपास अख्खं जुनं घर जाहिरातीत दिसतं. लाकडी सांगाडा, पांढरे खण, वर लाल कौलं. अशा बांधणीला जर्मनमध्ये 'फाखवेर्क' म्हणतात. जाहिरातीच्या तळाशी एक शब्द असतो, 'डेंकमालगेशुत्स्ट', म्हणजे वारसा कायद्याखालचं. हा शब्द पाहून निम्मे लोक पळतात आणि उरलेल्यांतले बरेच भाबडेपणाने पुढे जातात. आम्ही 2021 च्या मार्चमध्ये असं एक घर पाहिलं, त्याच ऑगस्टमध्ये नोटरीकडे सह्या झाल्या आणि 2024 च्या शरदात परांची उतरली. करासाठीचं प्रमाणपत्र त्यानंतर काही महिन्यांनी हातात आलं. मधल्या काळात जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो आहे, कारण मराठीत याबद्दल फारसं काही सापडलं नाही आणि जर्मन कागदपत्रांत हे सगळं दहा ठिकाणी विखुरलेलं आहे.

आधी घराची रचना, कारण पुढचा प्रत्येक अर्ज त्याच शब्दांत भरावा लागतो. दगडी जोत्यावर आडवी झोपवलेली तळतुळई, तिला 'श्वेले' म्हणतात. तिच्यावर उभे खांब, 'श्टेंडर'. खांबांच्या डोक्यावर दुसरी आडवी तुळई, 'रेम'. खांबांमधल्या आडव्या दांड्या 'रीगेल' आणि सांगाडा कलू नये म्हणून तिरपे धिरे, 'श्ट्रेबे'. या सगळ्यांमधे जी रिकामी चौकट उरते ती 'गेफाख', मी तिला खण म्हणेन. खणात ओकच्या उभ्या काठ्या, त्यांत विणलेल्या विलोच्या फांद्या आणि दोन्ही बाजूंनी पेंढा घातलेली चिकणमाती. कोकणातली कुडाची भिंत ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळं समजावावं लागत नाही. फरक एवढाच की इथे कूड ओकच्या जाड सांगाड्यात बसवलेला असतो आणि बाहेरून चुन्याचा पातळ गिलावा असतो. भार लाकूड घेतं, माती फक्त भरते. पुण्याच्या जुन्या वाड्यांतही भार सागवानी सांगाड्यावरच असतो, मधे वीट असते.

जुन्या पद्धतीत खांब जमिनीपासून छपरापर्यंत एकसंध असत. क्वेडलिनबुर्गचं वोर्डगासे 3 हे चौदाव्या शतकातलं घर त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण, आता तिथे फाखवेर्कचं संग्रहालय आहे. नंतर प्रत्येक मजला स्वतंत्र पेटीसारखा बांधून एकावर एक ठेवायची पद्धत आली आणि वरचा मजला खालच्यापेक्षा थोडा पुढे काढला जाऊ लागला. आल्सफेल्डचं 1512 ते 1516 मध्ये बांधलेलं राटहाउस, म्हणजे नगरभवन, पाहिलं की हे लगेच कळतं: खाली दगड, वर पुढे आलेलं लाकूड. अठराव्या शतकात भिंती पुन्हा एका पातळीत आल्या. आमचं घर याच काळातलं. रस्त्याकडच्या कोपऱ्यावर हेसनमध्ये सगळीकडे दिसणारी 'मान' (जर्मनमध्ये माणूस) ही आकृती आहे: मधला खांब, त्याला खालून वर येणारे दोन लांब धिरे आणि वर दोन आखूड. हातपाय पसरलेला माणूस दिसतो म्हणून हे नाव. ती नक्षी नाही, कोपरा न हलण्याची तजवीज आहे, त्यामुळे तिथला एखादा धिरा खिडकीसाठी कापलेला असेल तर घर त्या बाजूला कललेलंच सापडतं.

घर पाहायला जाताना टॉर्च, दोन फुटी लेव्हल आणि एक जाडसर टोच्या न्या. दिवाणखान्यात वेळ घालवू नका. पश्चिमेकडची भिंत आधी पाहा, कारण वाऱ्यासह पाऊस तिकडून येतो. मग तळतुळई जमिनीपासून किती उंच आहे ते. पावसाचे थेंब जमिनीवर आपटून साधारण 30 सें.मी. उंच उडतात आणि गावोगाव रस्त्यावर डांबराचे थर चढत गेल्यामुळे बऱ्याच घरांची तळतुळई आता जवळजवळ मातीत आहे. मग खिडक्यांच्या खालचे रीगेल, न्हाणीघराचा कोपरा, धुराड्याजवळचं छप्पर. जिथे सिमेंटचा गिलावा दिसेल तिथे टोच्या लाकडाच्या कडेला लावा. सुईसारखा आत गेला तर त्या खांबाचा पाय संपलेला आहे, मग बाहेरून रंग कितीही ताजा असो. पोटमाळ्यात लाकडाला वास येत असेल किंवा पांढुरके स्फटिक दिसत असतील तर थांबा. पश्चिम जर्मनीत 1989 पर्यंत पीसीपी हे विषारी लाकूडरक्षक कायदेशीर होतं आणि छपराच्या लाकडावर ते मुबलक मारलं जायचं. लाकडाचा छिलका आणि धुळीचा नमुना प्रयोगशाळेत द्यायला शंभर-दोनशे युरो लागतात. खरेदीच्या आधी द्या.

हेसनचं वारसा कार्यालय आपली यादी इंटरनेटवर 'डेंकएक्सवेब' नावाने ठेवतं. पत्ता टाकला की घराची नोंद, फोटो आणि थोडं वर्णन येतं. इथे एक फरक नीट पाहायचा. घर एकटं स्मारक म्हणून नोंदलेलं आहे, की 'गेझाम्टआनलागे', म्हणजे संरक्षित वस्तीचा भाग म्हणून? एकटं स्मारक असेल तर आतला जिना, दारं, जमिनीखालचा मातीचा भरावसुद्धा संरक्षित. वस्तीचा भाग असेल तर मुख्यतः बाहेरचं रूप महत्त्वाचं, पण मग करसवलतही बाहेरचं रूप टिकवण्यासाठी लागलेल्या खर्चापुरतीच. किंमत ठरवताना या फरकाने हजारो युरोंचा फेर पडतो आणि दलालाला तो बहुधा सांगता येत नाही. शिवाय हेसनमध्ये संरक्षण कायद्यानेच लागू होतं, यादी ही फक्त नोंद आहे. म्हणून यादीत नाव नसेल तरी जिल्ह्याच्या वारसा कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. आमचं एकटं स्मारक निघालं.

खरेदीचे खर्च पटकन सांगतो. हेसनमध्ये मालमत्ता खरेदी कर 6 टक्के, नोटरी आणि भूनोंदणी मिळून साधारण 2 टक्के, दलाल असेल तर त्याचे वेगळे. आम्ही 72,000 युरोंना घेतलं. विक्रेत्याकडे ऊर्जा प्रमाणपत्र मागू नका, स्मारकाला ते लागत नाही. बँकेचा माणूस मात्र हमखास मागतो. त्याला इमारत ऊर्जा कायद्याचं कलम 79 दाखवायचं. त्याच कायद्याच्या कलम 105 प्रमाणे स्मारकाचं स्वरूप बिघडत असेल तर उष्णतारोधनाच्या अटींतून सूट मिळू शकते, हेही लक्षात ठेवा.

सह्या झाल्यावर सर्वांत मोठा मोह असतो तो म्हणजे हातोडा घेऊन गिलावा फोडायला लागण्याचा. तसं करायचं नाही. परवानगीशिवाय केलेलं काम दंडाला पात्र आहे, पण खरं नुकसान वेगळंच: करसवलत आणि अनुदान दोन्ही काम सुरू होण्याआधी ठरवून घेतलेल्या कामालाच मिळतात. आधी करून मग कळवलं तर पैसे गेले. हे वाक्य जिल्ह्याच्या वारसा कार्यालयात, म्हणजे 'उंटेरे डेंकमालशुत्सबेहोर्डे'मध्ये, पहिल्याच भेटीत ऐकायला मिळतं.

ती पहिली भेट घरातच घ्या, कार्यालयात नको. जिल्ह्याचा अधिकारी येतो आणि बऱ्याचदा राज्याच्या वारसा कार्यालयाचा त्या भागाचा तज्ज्ञही. आमच्या भागासाठी तो मारबुर्गहून आला. त्यांना 'आम्हाला असं करायचं आहे' ऐकण्यापेक्षा 'हे असं बिघडलंय, कारण काय असेल?' हे ऐकायला आवडतं, आणि त्यात त्यांचा अनुभव फुकट मिळतो. आमच्या मागच्या भिंतीत काही खण विटांनी भरलेले होते. ते काढून सगळीकडे माती करावी असा आमचा विचार होता. तज्ज्ञाने नकार दिला: त्या विटा एकोणिसाव्या शतकातल्या, चुन्यात बांधलेल्या, कोरड्या आणि घट्ट. त्याही घराचाच भाग. वारसा म्हणजे पहिल्या दिवशीचं रूप परत आणणं, असा जो समज आपल्याकडेही आहे, तो इथे चालत नाही. टिकलेलं मूळ साहित्य आणि त्यावर झालेले बदल, दोन्ही मिळून घराचं मोल ठरतं. नवं लाकूड आणून हुबेहूब बांधलं तर ते सुंदर असेल, पण स्मारक नसेल.

मग मोजणी. साधा आराखडा पुरत नाही. घर जसं वाकलंय तसंच काढलेलं, 1:50 प्रमाणातलं चित्र लागतं. त्यावर प्रत्येक लाकडाला क्रमांक आणि बिघाडाचे रंग: हिरवा ठीक, पिवळा अर्धवट, लाल बदलायचं. वास्तुरचनाकाराने यासाठी साडेपाच हजार युरो घेतले. तेव्हा जड वाटले, पण सुताराच्या तीन कोटेशनांची नीट तुलना करता आली ती याच चित्रामुळे, कारण तिघांनीही नेमकी तीच लाकडं मोजली. लाकूडतज्ज्ञ वेगळा. तो 'रेझिस्टोग्राफ' घेऊन येतो: दीड मि.मी. जाडीची, टोकाला 3 मि.मी.ची सुई लाकडात फिरत जाते आणि अडथळ्याचा आलेख काढते. आलेख जिथे सपाट पडतो तिथे आत पोकळ. बाहेरून निरोगी दिसणाऱ्या दोन खांबांचे पाय यातच पकडले गेले, आणि उलट, टाकून द्यायच्या यादीत असलेला एक रीगेल फक्त वरून कुजलेला निघाला.

वय ठरवण्यासाठी वलयांची मोजणी केली. लाकडातून पेन्सिलीएवढ्या जाडीची कांडी काढतात, वलयांच्या रुंदीचा क्रम त्या प्रदेशाच्या ज्ञात क्रमाशी जुळवतात. वर्ष नेमकं हवं असेल तर सालीखालचं शेवटचं वलय शिल्लक असलेली जागा शोधावी लागते. ती बहुधा पोटमाळ्यातल्या किंवा तळघराच्या तुळईच्या कोपऱ्यावर, जिथे सुताराने पूर्ण चौकोनी तासलेलं नाही, तिथे मिळते. त्या काळी ओक ओलाच तासून लगेच वापरत, म्हणून तोडीचं वर्ष हेच जवळपास बांधकामाचं वर्ष. आमचं लाकूड 1738-39 च्या हिवाळ्यातलं निघालं. या चाचणीची सक्ती नव्हती, सुमारे 900 युरो लागले, आणि खरं सांगायचं तर तिच्यामुळे दुरुस्तीत काही बदललं नाही. पण कार्यालयाची फाइल जाड झाली आणि अनुदानाच्या अर्जात दोन ओळी वजनदार पडल्या.

फुकट मिळणारा पुरावा म्हणजे सुतारांच्या खुणा, 'आबबुंडत्साइखेन'. सांगाडा आधी अंगणात जमिनीवर जुळवायचे, प्रत्येक सांध्याच्या दोन्ही लाकडांवर सारखी खूण खोदायचे, सुटं करून जागेवर उभं करायचे. खुणा रोमन आकड्यांसारख्या असतात, कोणत्या भिंतीचं लाकूड हे कळावं म्हणून बाजूला छोटी रेघ किंवा झेंडा. या वाचल्या की कोणतं लाकूड मूळ जागी आहे आणि कोणतं नंतर घुसवलं ते कळतं. गिलावा उतरवताना सगळ्या खुणांचे तिरप्या उजेडात फोटो काढा.

आणखी एक तपासणी, जिच्यामुळे अनेकांचं स्वप्न मोडतं. गिलाव्याखाली लाकूड आहे हे कळलं की ते उघडं करायची इच्छा होते. पण अठराव्या-एकोणिसाव्या शतकात कित्येक घरं दगडी दिसावीत म्हणून पहिल्यापासूनच गिलावा करण्यासाठी बांधली गेली. अशा घरांचं लाकूड बारीक, साधं, खांब दूर दूर. काही ठिकाणी जुन्या सांगाड्यावर नंतर गिलावा चढवला, तेव्हा तो धरावा म्हणून लाकडावर कुऱ्हाडीचे शेकडो घाव घातलेले दिसतात. पहिल्या प्रकारात उघडं करायला परवानगी मिळत नाही आणि मागूही नये. ते लाकूड उघड्यावर राहण्याच्या लायकीचं नसतं. पश्चिमेच्या भिंतीचंही तसंच. तिथे पूर्वापार पाटीच्या दगडाचं किंवा फळ्यांचं आवरण असतं, ते हौसेने काढलेली घरं दहा-पंधरा वर्षांत कुजताना दिसतात. आमच्या पश्चिम भिंतीचं स्लेटचं आवरण परत बसवलं.

अर्ज 2022 च्या फेब्रुवारीत दिला: चित्रं, बिघाडाचा नकाशा, प्रत्येक लाकडाला काय करणार याचा तक्ता, माती-चुना-रंगाची उत्पादनपत्रं, फोटो. परवानगी मे महिन्यात आली. सोबत अटी होत्या: रंग ठरवण्याआधी थरांची तपासणी, खिडक्यांचा एक नमुना आधी दाखवणे, तळतुळईचा सांधा झाकण्याआधी बोलावणे. अनुदानाचा अर्ज याच वेळी वेगळा द्यावा लागतो आणि त्याचा निकाल येईपर्यंत काम सुरू करता येत नाही, नाहीतर मुदतपूर्व प्रारंभाची लेखी मुभा मागावी लागते. गावाच्या विकास योजनेतून आम्हाला थोडी रक्कम मिळाली. डॉइचे श्टिफ्टुंग डेंकमालशुत्स ही 1985 ची वारसा-संवर्धन संस्थाही मदत देते, पण तिथे रांग मोठी. दुरुस्तीबद्दल विचारायला 1973 पासून चालू असलेली इंटरेसेनगेमाइनशाफ्ट बाउएर्नहाउस ही घरमालकांची संघटना आणि फुल्डाची प्रोप्स्टाय योहानेसबेर्ग ही प्रशिक्षणसंस्था, या दोन जागा सर्वांत उपयोगी. सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी देशभर स्मारकं उघडी असतात. त्या दिवशी मालक स्वतः उभे असतात आणि सुताराचं नाव आनंदाने सांगतात. चांगला सुतार मिळण्याचा तो खात्रीचा मार्ग. आमच्या सुताराची तारीख मिळायला तरीही वर्ष गेलं.

त्या वर्षात पाण्याचं काम केलं. रस्त्याकडची जमीन खाली घेतली, जोत्यालगत 40 सें.मी. रुंदीचा खडीचा पट्टा केला, छपराचे पन्हळे बदलले. घर कुजतं ते जवळजवळ नेहमी पाण्यामुळे, आणि पाण्याचं कारण तसंच ठेवून बदललेलं लाकूड पहिल्यापेक्षा लवकर कुजतं.

मग सिमेंटचा गिलावा. 1970 च्या दशकात या भागातल्या असंख्य घरांना तो झाला, हौसेने आणि चांगल्या हेतूने. आल्सफेल्ड 1975 च्या युरोपीय वास्तुवारसा वर्षात नमुना-शहर होतं, जुन्या घरांचं कौतुक नुकतंच सुरू झालं होतं, पण माती-चुन्याचे कारागीर निवृत्त होत होते. सिमेंटने नेमकं काय होतं ते समजून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर आहेत. लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं-आकसतं, खणाचा भराव तसा हलत नाही. म्हणून दोघांच्या मधे एक-दोन मि.मी.ची फट पडतेच. तिच्यातून पाऊस आत जातो. माती आणि चुना ते पाणी शोषून पसरवतात आणि वाऱ्यावर परत सोडतात. सिमेंट सोडत नाही. पाणी लाकडाच्या अंगाला थांबतं. लाकडातली ओल बराच काळ 20 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला वाट मोकळी. फट सिलिकोनने बुजवली तर आणखी वाईट, कारण सिलिकोन एका बाजूने सुटतं आणि आत गेलेल्या पाण्याला बाहेरची वाट उरत नाही. तेव्हा फट बुजवायची नसते, तिथून गेलेलं पाणी वाळू द्यायचं असतं. सिमेंट काढताना यंत्र लावू नका. ते लाकडावर खिळ्यांनी ठोकलेल्या जाळीवर बसवलेलं असतं. छिन्नीने कडेपासून सोडवावं, खिळे एकेक उपटावेत. वाळूचा मारा करून लाकूड साफ करणं तर इथे मंजूरच होत नाही: मऊ वलयं झिजून खाचा पडतात आणि त्यांत पाणी थांबतं.

2023 च्या एप्रिलमध्ये सुतार आले. तळतुळई बदलण्यात खरी मेख अशी: खांबांच्या पायाला जीभ असते, ती तुळईच्या खाचेत बसते. नवी तुळई खाली सरकवायची तर अख्खी भिंत जिभेच्या लांबीएवढी, चार-पाच सें.मी., उचलावी लागेल. मग वरचे खण फुटतात. म्हणून नव्या तुळईतल्या खाचा आतल्या बाजूने उघड्या ठेवतात, तुळई आडवी आत सरकवतात आणि उघडी बाजू लाकडाच्या तुकड्याने बंद करतात. जॅक लावायचे ते भार काढून घेण्यापुरते, दोन-तीन मि.मी. पुरतात. तुळईची गाभ्याची बाजू बाहेर ठेवली. खाली डांबरी पत्रा घालायला आमच्या सुताराने ठाम नकार दिला, फक्त चुन्याच्या मसाल्याची बैठक. पत्र्यावर वरून आलेलं पाणी साचतं. प्रत्येक खाचेच्या तळाला पाणी निघून जायला एक भोकही पाडलं.

खांब अख्खे बदलले नाहीत. कुजलेला पाय कापून तिथे नवा तुकडा, तिरक्या खाचेच्या सांध्याने, सांध्याची लांबी लाकडाच्या जाडीच्या दुपटीहून जास्त, ओकच्या खुंट्यांनी घट्ट. खुंटीची दोन भोकं मुद्दाम दोन मि.मी. पुढेमागे पाडतात, म्हणजे खुंटी ठोकताना सांधा आपोआप आवळला जातो. लोखंडी स्क्रू वापरायचे नाहीत; ओकमधलं टॅनिन त्यांना खातं आणि लाकडावर काळे ओघळ येतात. लावायचेच तर स्टेनलेस. दुरुस्तीसाठी ताजा ओक स्वस्त आणि तासायला सोपा, पण तो वाळताना आडवा आकसतो आणि सांधा उघडतो. हवेवर वाळवायचा तर जाडीच्या दर सेंटिमीटरला साधारण एक वर्ष धरतात, म्हणजे 16 सें.मी.च्या खांबासाठी कोण थांबणार? म्हणून पाडलेल्या धान्यकोठारांतला जुना ओक वापरला. तो ताज्यापेक्षा महाग पडतो, आणि करवतीखाली घालण्याआधी त्यातला प्रत्येक खिळा शोधावा लागतो. कुजलेल्या भागावर बाहेरून पातळ फळी ठोकायचा स्वस्त उपाय एका कोटेशनमध्ये होता. फळीच्या मागे पाणी शिरतं आणि वाळत नाही, म्हणून तो कार्यालयाने आधीच खोडला होता. सुतारकामाचं बिल 68,000 युरो झालं. ताशी दर 65 च्या आसपास होता, त्यामुळे लाकडापेक्षा मजुरीच मोठी.

मातीकाम आम्ही बरंचसं घरीच केलं, कारण ते शिकता येतं. जुनी माती फेकायची नाही. पाण्यात दोन दिवस भिजवली की ती पुन्हा नवी होते, फक्त पेंढा ताजा मिसळायचा. साधारण एक तृतीयांश खण नव्याने विणले, उरलेल्यांत फक्त सुटलेला भाग भरला. काठ्या वर भोकात आणि खाली खाचेत अडकवून, फांद्या विणून, माती दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दाबायची, म्हणजे ती मधे एकमेकींना धरते. वाळायला हवेनुसार चार ते आठ आठवडे. वाळताना ती कडेने आकसते, ती फट मातीनेच पुन्हा भरायची. बाहेरचा चुना मातीशी रासायनिकरीत्या जुळत नाही, फक्त खडबडीत पृष्ठभागाला पकडतो. म्हणून माती ओली असतानाच तिला तिरपी भोकं पाडून ठेवायची. गुळगुळीत मातीवर केलेला चुना पहिल्या दोन हिवाळ्यांत पापुद्र्यासारखा पडतो. चुन्यात जनावराचे केस, जाडी एक-दीड सें.मी., मि.मी.ला एक दिवस या हिशोबाने वाळू द्यायचं. पाच अंशांच्या खाली चुना लावायचा नाही, आणि घट्ट होण्याआधी त्यावर दंव पडलं तर तो भुसभुशीत होतो. म्हणून बाहेरचं काम सप्टेंबरच्या मध्यापर्यंत संपवायला हवं. आमच्या उत्तरेच्या भिंतीचा चुना याच कारणाने पुढच्या मेपर्यंत थांबला आणि परांचीचं भाडं वाढलं.

गिलावा लाकडाच्या पातळीत संपला पाहिजे. उशीसारखा फुगवलेला गिलावा फोटोत गोड दिसतो, पण त्याच्या खालच्या कडेचं पाणी थेट लाकडावर येतं. कड करणीने कापून मोकळी करायची. हेसनमध्ये ओल्या चुन्यात फुलं-पानं, कंगोरे खरवडायची 'क्रात्सपुत्स' ही जुनी कला आहे आणि ती जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीतही आहे. जुन्या खणावर तिचा एक तुकडा जरी सापडला तरी हात लावू नका, आधी फोन करा.

रंगाचा निकाल अनेकांना पटत नाही. काळं लाकूड आणि पांढरे खण हे 'खरं' फाखवेर्क, अशी सर्वांची समजूत. ती बरीचशी गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांतली आहे. संवर्धकाने सुरीने पायऱ्या पाडून थर मोजले तेव्हा काळ्याखाली करडा आणि त्याखाली गेरूसारखा लाल निघाला. कडेने खणावर ओढलेली बारीक रेघही दिसली. वाकड्या लाकडाची कड डोळ्याला सरळ दिसावी म्हणून ती ओढत. आम्ही करडा घेतला, तोही मंजूर झाला. रंग जवसाच्या तेलाचा, तीन अगदी पातळ हात. जाड लावला तर वर साय धरते आणि खाली महिनोन्‌महिने ओलं राहतं. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती स्वतःहून तापून पेट घेतात, आणि लाकडी घरात ही गोष्ट दोनदा सांगण्यासारखी आहे. पाण्यात बुडवून ठेवा किंवा बाहेर पसरून वाळवा.

आतून उष्णतारोधन किती, यावर ऊर्जा सल्लागार आणि वारसा तज्ज्ञ यांचं भांडण ठरलेलं. सल्लागार स्मारकांसाठी पात्र ठरलेला घ्या, नाहीतर तो 12 सें.मी. सांगेल. फाखवेर्कसाठीच्या तांत्रिक शिफारशीत आतल्या थराचा उष्णतारोध 0.8 (m²K/W) पर्यंत ठेवायला सांगितलं आहे. त्यापुढे जायचं तर ओलाव्याचं गणित संगणकावर करून दाखवावं लागतं. कारण सोपं आहे: आत जितकी ऊब अडवाल तितकी बाहेरची भिंत थंड आणि ओली राहील. आम्ही लाकूडतंतूंच्या 4 सें.मी.च्या पाट्या, मागे हवेची पोकळी न ठेवता, ओल्या मातीच्या थरात दाबून बसवल्या आणि वर मातीचा गिलावा. प्लास्टिकचा पडदा कुठेही नाही. खिडक्या जुन्याच दुरुस्त केल्या, आतून दुसरी खिडकी जोडली. हिवाळ्यात घर नव्या इमारतीइतकं उबदार नसतं, हे आधीच मान्य करून घ्या.

दुरुस्तीचा एकूण खर्च 2,60,000 युरोंच्या आसपास गेला. आता कराचं. स्वतः राहत असाल तर आयकर कायद्याच्या कलम 10एफ प्रमाणे प्रमाणित खर्चाच्या 9 टक्के दरवर्षी, दहा वर्षं, करपात्र उत्पन्नातून वजा होतात. करातून नव्हे, उत्पन्नातून. दोन लाख युरो प्रमाणित झाले तर वर्षाला 18,000 वजा, आणि वरच्या थराचा दर 40 टक्के असेल तर सुमारे 7,200 युरो वाचतात. भाड्याने देत असाल तर कलम 7आय: आठ वर्षं 9 टक्के, पुढची चार वर्षं 7 टक्के. घराची खरेदी किंमत 10एफमध्ये येत नाही, फक्त करारानंतरचं काम. आणि ही सवलत एका माणसाला आयुष्यात एकाच इमारतीसाठी, नवराबायकोला मिळून दोन.

प्रमाणपत्राचा अर्ज म्हणजे बिलांची यादी. प्रत्येक बिलावर तारीख, काम, जागा. 'सुतारकाम, एकरकमी' असं बिल परत येतं, म्हणून कारागिराला सुरुवातीलाच सांगा की घटकवार लिहून दे. स्वतःची मेहनत धरली जात नाही, फक्त सामानाची बिलं. मिळालेलं अनुदान वजा होतं. स्वयंपाकघराची कपाटं, अंगणातली फरशी, गॅरेज नामंजूर. गरम पाणी, वायरिंग, न्हाणीघर राहण्यासाठी आवश्यक म्हणून सहसा मंजूर. आमच्या यादीतून बाहेरची पायरी आणि दोन दिवे कापले गेले, बाकी मान्य झालं. प्रमाणपत्र येईपर्यंत कर कार्यालयाला अंदाजी रक्कम धरायची विनंती करता येते.

यापुढे दरवर्षी शरदातल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर पश्चिम आणि दक्षिण बाजूने एक फेरी मारायची, पन्हळे साफ करायचे, तळतुळईच्या खाचांतली भोकं तारेने मोकळी करायची. दक्षिणेकडचा जवसाचा रंग आधी फिका पडतो. काही वर्षांनी तिथे तेलाचा एक हात पुरतो, खरवडायची गरज नाही. त्याच छटेचा रंग पुन्हा द्यायचा असेल तरी जिल्ह्याच्या कार्यालयाला ईमेल टाकायचा. उत्तर बहुधा आठवड्यात येतं आणि फाइलला जोडून ठेवायचं.